दुसऱ्याचं कॅम्पेन खेळून बघताना: वेसनॉथच्या नव्या टेस्टरसाठी

एखाद्या मित्रानं गेमसाठी स्वतःचं कॅम्पेन बनवलंय आणि 'जरा खेळून बघ की' म्हणून तो तुमच्या मागे लागलाय, तर पुढचं वाचा. माझ्या मागे असाच एक जण लागला होता. सोलापुरात, अशोक चौकाकडं राहतो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि कॅम्पेनमधले संवाद इंग्रजीत, कारण खेळणारे जगभरचे. मी दोन रात्री जागून सगळं संपवलं आणि त्याला सांगितलं, "भारी झालंय बे. तिसरा सिनारिओ तेवढा अवघड आहे."

"अवघड म्हणजे?"

"म्हणजे... अवघड."

तो काही बोलला नाही, पण चेहरा सांगत होता. दोन रात्रींच्या जागरणातून मी त्याला एक ओळ दिली होती आणि तिचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. त्यानंतर त्याचं तेच कॅम्पेन मी तीनदा तपासलं. खाली जे लिहिलंय ते त्यातून शिकलेलं आहे.

गेम कोणता, आणि आधी काय यायला हवं

गेम म्हणजे 'बॅटल फॉर वेसनॉथ'. डेव्हिड व्हाइट यांनी 2003 मध्ये सुरू केलेला, फुकट, ओपन सोर्स. षट्कोनी घरांचा नकाशा, एक टर्न तुमची, एक शत्रूची. एल्फ, बुटके, ऑर्क, मेलेले उठून आलेले, सगळे आहेत. जुन्या लॅपटॉपवरही चालतो. एक नकाशा, एक लढाई म्हणजे एक सिनारिओ. असे एकामागून एक सिनारिओ जोडले की कॅम्पेन होतं, आणि हे सगळं वेसनॉथच्या स्वतःच्या सोप्या मार्कअप भाषेत, साध्या टेक्स्ट फायलींमध्ये लिहिलेलं असतं. नोटपॅड उघडता येणाऱ्या कुणालाही कॅम्पेन बनवायला बसता येतं. म्हणून तर हौशी लोकांची इतकी कॅम्पेन्स गेममधल्या ॲड-ऑनच्या यादीत दिसतात.

टेस्टिंगला बसण्याआधी गेमबरोबर येणारं निदान एक कॅम्पेन मधल्या पातळीवर पुरं करा. 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' हे चार सिनारिओंचं आहे, शनिवार-रविवारात होतं. हा आग्रह एवढ्यासाठी की, नवख्या माणसाला गेमच अवघड जातो आणि तो दोष मित्राच्या माथी मारतो. गावात थांबलं की जखम 8 नं भरते, जुना सैनिक परत बोलावायला 20 गोल्ड लागतं, किल्ल्याच्या घरात उभा माणूस 60 टक्के वार चुकवतो, हे हाताला सवयीचं झालं पाहिजे.

दिवस-रात्रीचं गणित तर तोंडपाठच हवं. सहा टर्नचा एक दिवस: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, मग रात्रीच्या दोन टर्न. माणसांची फौज उजेडात 25 टक्के जास्त मारते आणि अंधारात 25 टक्के कमी. ऑर्कांचं बरोबर उलटं. पहाट-संध्याकाळी सगळे सारखे. ही गोष्ट पुढं फार कामाला येणार आहे.

व्हर्जन जुळवा

हे पटकन सांगून टाकतो, पण यात चूक झाली तर पुढचं सगळं पाण्यात. वेसनॉथच्या आकड्यात मधला अंक सम असेल तर ती पक्की मालिका, विषम असेल तर चाचणीची. म्हणजे 1.16, 1.18 पक्क्या आणि 1.17, 1.19 कच्च्या. बनवणाऱ्यानं ज्या मालिकेवर बनवलंय तीच तुमच्याकडं हवी. एका मालिकेचे सेव्ह दुसऱ्या मालिकेत चालतीलच असं नाही आणि युनिटचे आकडेही इकडंतिकडं झालेले असतात. मित्रानं पेन ड्राइव्हवर फोल्डर दिलं असेल तर ते गेमच्या युजर डेटामधल्या ॲड-ऑनच्या फोल्डरात टाकायचं, आणि आधीची प्रत आत असेल तर ती काढून टाकायची. एकावर एक कॉपी करू नका. जुन्या प्रतीतली एखादी नको असलेली फाइल तशीच राहते आणि मग दोघंही तासभर डोकं खाजवतात. कॅम्पेनचा स्वतःचा व्हर्जन नंबर वहीत पहिल्या ओळीत लिहा.

हो, वही. कागदाची. गेम पूर्ण स्क्रीनवर असतो, मध्येच दुसरी खिडकी उघडून टाइप करणं कुणी करत नाही. मी ठरवलं होतं, केलं नाही.

पहिला फेरा: काहीच माहीत नसलेला माणूस

बनवणाऱ्याला आपल्या कॅम्पेनमध्ये कधीच करता येणार नाही अशी एक गोष्ट आहे. त्याला ते पहिल्यांदा खेळता येत नाही. शत्रू कुठून येणार, कुठल्या गावात सोनं दडवलंय, कुणाला पुढं ठेवायचं, हे सगळं त्यानंच लिहिलंय. तुम्हाला ते माहीत नाही, एवढीच तुमची लायकी आणि एवढीच तुमची किंमत. आणि ती एकदाच खर्च करता येते. म्हणून पहिल्या फेऱ्याआधी त्याला काही सांगू देऊ नका. माझा मित्र शेजारी बसून "आता तिकडं जाऊ नको" म्हणायला लागला तेव्हा मी त्याला चहा आणायला पाठवलं.

त्याला एवढंच विचारा: तुला काय हवंय? गेम मध्येच बंद पडतो का ते, का सोपं-अवघड नीट बसलंय का ते, का गोष्ट आणि संवाद? तिन्ही एकदम तपासायला गेलात तर तिन्ही अर्धवट होतात.

मग मधल्या पातळीवर सुरू करा आणि शक्यतो जुना सेव्ह लोड करू नका. इथं सगळ्यांचा हात शिवशिवतो. लाडका घोडेस्वार मेला की मागची टर्न लोड करायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, घरी खेळताना खुशाल करा. पण टेस्टर म्हणून खेळताना लोड केलेली प्रत्येक टर्न म्हणजे बनवणाऱ्यापासून लपवलेली एक गोष्ट. माझा नियम असा: सिनारिओ हरलो तर तो सुरुवातीपासून पुन्हा, दोनदा. दोनदा हरलो तर वहीत तसं लिहून सोपी पातळी. लाइट गेली किंवा नळाला पाणी आलं, तेवढ्यापुरता ऑटोसेव्ह माफ. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी ऑर्कांना थांबावं लागतं.

प्रत्येक सिनारिओला वहीत थोडंच लिहायचं, पण तेच तेच लिहायचं. माझ्या वहीतलं तिसऱ्या सिनारिओचं पान असं आहे:

'सि. 3, मधली पातळी. सुरुवातीचं गोल्ड 100. जुने दोन बोलावले (40), चार भालाईत घेतले (56). उरले 4. टर्न 4 ला नदीच्या अलीकडं सहा ग्रंट (ऑर्कांचे साधे शिपाई) समोर. टर्न 5-6: तीन भालाईत गेले. टर्न 9: नायक मेला. दुसरा प्रयत्न: टर्न 8.'

खाली एक ओळ मनातली: 'टर्न 5 ला वाटलं, संपलं. पुढं नुसतं खेळत राहिलो.' ही ओळ आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे. कुठं कंटाळा आला, कुठं पुढं काय करायचं तेच कळेना, कुठला संवाद न वाचता क्लिक करून पुढं गेलात, हे त्या क्षणी लिहा. दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि आठवलं तरी माणूस भिडस्त होतो.

नशीब खराब होतं, का नकाशा?

मित्राचे वडील पॉवरलूमवर होते. मी हरलो ते नशिबानं का नकाशामुळं, या आमच्या भांडणात एकदा काका पडले. चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर निघते, आणि कुठला धागा वर उचलायचा ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ ठरवते. काका म्हणाले, आडवा धागा तुटला तर एका जागी रेघ पडते, जोडला की संपलं. पण कार्डात भोक चुकलं असेल तर माळ फिरून आली की त्याच फुलाची तीच पाकळी पुन्हा तुटकी. चादर पसरून बघायची, डाग एकदा आहे का दर फुलात आहे. माग थांबवायचा का नाही ते त्यावर.

वेसनॉथमध्ये हाच प्रश्न रोज येतो, कारण सगळा खेळ फाशांवर आहे. भालाईत एका हल्ल्यात तीन वार करतो. समोरचा 60 टक्के वार चुकवणारा असेल तर तिन्ही वार हुकण्याची शक्यता 0.6 गुणिले 0.6 गुणिले 0.6, म्हणजे 21.6 टक्के. पाच हल्ल्यांत साधारण एकदा तुमचा भालाईत हवेत भाला फिरवून परत येणार. हा बग नाही, अन्यायही नाही. जादूगाराचा वार मात्र कुठंही 70 टक्के लागतो. त्याचे तिन्ही हुकणं 2.7 टक्के. तेही होतं, कारण एका कॅम्पेनमध्ये शेकडो झटापटी होतात. नेमकं नायक मरताना झालं की आपण ते आठ दिवस विसरत नाही, एवढंच.

गेमच्या मेनूत आकडेवारीची खिडकी आहे. तुम्ही किती नुकसान करणं अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात किती केलं, किती सोसलं, हे ती शेजारी शेजारी दाखवते. हरलात की आधी ती उघडा. मी तिसऱ्या सिनारिओत दोनदा हरलो आणि दोन्ही वेळा आकडे अपेक्षेच्या आसपास होते. म्हणजे धागा तुटला नव्हता. कार्डातच काहीतरी होतं.

सोन्याचा हिशेब

कॅम्पेनचं सोपं-अवघड बिघडतं ते बहुतेक वेळा इथं, आणि नवा टेस्टर इथं बघतच नाही.

एक सिनारिओ जिंकला की उरलेल्या गोल्डचा काही भाग पुढच्यात जातो. किती टक्के, ते बनवणारा ठरवतो. शिवाय टर्न शिल्लक ठेवून लवकर जिंकलात तर बक्षीस: शिल्लक प्रत्येक टर्नला, नकाशावरच्या गावांचं उत्पन्न आणि वर मूळ उत्पन्नाचे 2. माझ्या मित्राच्या दुसऱ्या सिनारिओत 14 गावं होती, गावाला 1 प्रमाणे 14 आणि 2, म्हणजे टर्नमागं 16. तो स्वतः खेळला तेव्हा 10 टर्न राखून जिंकला, बक्षीस 160. हातात 200 होते. एकूण 360, त्याचे 40 टक्के म्हणजे 144 घेऊन तो तिसऱ्यात उतरला.

मी? मी त्याच दुसऱ्या सिनारिओत वाट शोधत फिरलो. शेवटच्या टर्नला जिंकलो, हातात 60 गोल्ड. त्याचे 40 टक्के 24. पुढे नेलेलं गोल्ड ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी पडलं तर त्या रकमेवर सुरुवात होते, ती इथं 100. म्हणजे तो 144 वर, मी 100 वर. फरक 44 चा, म्हणजे 14 गोल्डचे तीन भालाईत. आणि मी गमावले किती होते? तीन.

त्यानं स्वतः वीस वेळा तिसरा सिनारिओ खेळून पाहिला होता. शंभर गोल्ड घेऊन एकदाही नाही. त्याला ते शक्यच नव्हतं, कारण दुसऱ्यातली वाट त्याला डोळे झाकून माहीत होती.

म्हणून सुरुवातीचं आणि शेवटचं गोल्ड, जिंकलात ती टर्न आणि एकूण टर्न, जिवंत राहिलेले लेव्हल 2 आणि 3 चे, म्हणजे लढून बढती मिळालेले सैनिक, हे प्रत्येक सिनारिओला लिहाच. पाच-सहा सिनारिओंचे आकडे एकाखाली एक आले की दिसतं: कुणाचं गोल्ड फुगत चाललंय, कुणाचं आटत चाललंय. फुगणंही तितकंच वाईट. श्रीमंत झालेल्या खेळाडूला शेवटची लढाई म्हणजे फराळ वाटते.

उपाय सुचवायची खाज

मी लगेच म्हणालो, "किमान गोल्ड 150 कर, सुटला प्रश्न."

"आणि जो 144 घेऊन येतोय त्याला पण 150 देऊ का? मग दुसऱ्यात लवकर जिंकून त्यानं काय मिळवलं बे?"

बरोबर होतं. त्यानं गोल्डला हात लावला नाही, नकाशा आखूड केला. दोन्ही किल्ल्यांत मोकळ्या मैदानावरचं तीस घरांचं अंतर होतं. भालाईत आणि ग्रंट दोघंही टर्नला पाच घरं चालतात. पहिल्या टर्नला भरती, दुसरी-तिसरी-चौथी चालण्यात, म्हणजे गाठ पडते संध्याकाळी आणि हाणामारी रात्री. रात्री भालाइताचा 7 चा वार 5 वर येतो, ग्रंटचा 9 चा 11 होतो. ग्रंटचे दोन वार म्हणजे 22, दोन ग्रंट मिळून 44, आणि भालाइताचा जीव 36. दोघांत एक खलास. अंतर वीस घरांचं केलं की गाठ पडते तिसऱ्या टर्नला, दुपारी. तेव्हा भालाईत 9 नं मारतो आणि ग्रंट 7 नं. आता एका भालाइताला आडवं करायला तीन ग्रंट लागतात आणि तिघांचे सगळे वार लागावे लागतात. शंभर गोल्डवाला तगतो, 144 वाल्याचंही बक्षीस शाबूत राहतं.

मला हे सुचलं नसतं, आणि सुचण्याची गरजही नव्हती. माझ्या वहीत 'टर्न 4 ला सहा ग्रंट, टर्न 5-6 ला तीन गेले' एवढं होतं, त्यावरून त्याला रात्र दिसली. नुसतं 'गोल्ड वाढव' सांगितलं असतं आणि त्यानं ऐकलं असतं तर बिघडलं असतं. काय झालं ते सांगा, कसं वाटलं ते सांगा. उपाय विचारला तर बोला, आणि तो नाही घेतला तर रुसू नका.

सोपं झालं तेही सांगा

पाचव्या सिनारिओत त्यानं आपल्या भुईकोट किल्ल्यावरून नकाशा काढलाय: एका अंगाला तळं, बाकी खंदक. बघायला सुरेख. शत्रूनं वेढा घालायचा, आपण तटावरून लढायचं. मी एकही माणूस न गमावता जिंकलो आणि खूश होऊन पुढं गेलो. वहीत काहीच लिहिलं नाही, कारण जिंकल्याची तक्रार कोण करतं?

दुसऱ्या फेऱ्यात लक्षात आलं. खंदकात त्यानं उथळ पाणी ठेवलं होतं. उथळ पाण्यात ग्रंट फक्त 20 टक्के वार चुकवतो. म्हणजे आपला वार 80 टक्के लागतो आणि आपण मात्र किल्ल्याच्या घरात 60 टक्के वार चुकवत उभे. कॉम्प्युटरच्या फौजेला याचं फारसं काही नसतं, ती समोर माणूस दिसला की खंदकात उतरते आणि मरते. वेढा कसला, ती कत्तल होती. एखादा सिनारिओ हसत हसत सुटला तर थांबून बघा, शत्रू कुठल्या घरात उभा राहून मेला.

दुसरा फेरा: वात्रट पोरगं

पहिल्या फेऱ्यात तुम्ही सभ्य खेळाडू होता. आता बनवणाऱ्यानं ज्याची कल्पनाच केली नाही ते करायचं. सांगितलंय उत्तरेला जा, तर दक्षिणेला जा. नायकाला कोपऱ्यात बसवून टर्न संपू द्या. शत्रूचा सरदार ठरल्याआधीच मारून टाका. ज्या म्हाताऱ्याला वाचवायला सांगितलं नाही पण जो पुढं बोलणार आहे अशी शंका येते, त्याला मरू द्या.

मी पुलावर नायकाऐवजी घोडेस्वार आधी पाठवला. घोडेस्वारानं पुलावर पाय ठेवला आणि सात घरं मागं असलेला नायक म्हणाला, "अखेर मी या पुलावर पोचलो!" हसून झाल्यावर नायकाला पुलावर नेलं, तर काहीच नाही. पलीकडचं दार उघडायला हवं होतं, उघडलं नाही. टर्न संपल्या, हरलो.

कारण साधं होतं. 'या घरात कुणी आलं की' असं त्यानं लिहिलं होतं, 'नायक आला की' असं नव्हतं. आणि वेसनॉथमध्ये अशी घटना वेगळं सांगितलं नाही तर एकदाच घडते. घोडेस्वारानं ती वापरून टाकली होती. एखाद्या घरावर काही घडणार असं वाटलं की तिथं आधी दुसऱ्याच युनिटला पाठवा. उडणारं असेल तर उत्तमच.

म्हाताऱ्याचं प्रकरण आणखी गमतीचं. गेममध्ये बोलणारा नकाशावर नसेल तर त्याचा संवाद गुपचूप गळतो, एररही येत नाही. पुढच्या सिनारिओत नायक म्हणाला, "आजोबा, तुमचं म्हणणं मला पटतं." आजोबा मागच्याच सिनारिओत गेलेले आणि म्हणणं काय ते कुणालाच ठाऊक नाही. असं उत्तर आहे पण प्रश्न नाही असं कुठं दिसलं, तर त्या जागी कुणीतरी मेलेला माणूस बोलत होता असं समजा.

संवाद वाचताना नावांच्या स्पेलिंगवर नजर ठेवा. मित्राच्या एका किल्ल्याचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी होतं.

या फेऱ्यात डीबग मोड, म्हणजे तपासणीसाठी गेममध्येच ठेवलेली चोरवाट, वापरायला हरकत नाही. कोलनचं बटण दाबलं की खाली पट्टी उघडते, तिथं डीबग हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर. मग त्याच पट्टीत एन हे एक अक्षर दिलं की चालू सिनारिओ जिंकल्याचं धरून पुढचा उघडतो. चौथ्याचं दार तपासायला आधीचे तीन खेळत बसावं लागत नाही. फक्त एक पथ्य: डीबग लावून खेळलेल्या सिनारिओवरून 'सोपा आहे', 'अवघड आहे' असं काही सांगायचं नाही. गोल्ड आणि सैनिक खरे नसतात.

कळवायचं कसं

'पुलावर बग आहे' असं कळवणं म्हणजे डॉक्टरला 'दुखतंय' म्हणणं. मी शेवटी त्याला असं लिहून दिलं: 'व्हर्जन अमुक, मधली पातळी, सि. 4, टर्न 7. नायकाआधी घोडेस्वार पुलाच्या मधल्या घरात नेला. नायकाचा संवाद लगेच आला. टर्न 9 ला नायक त्याच घरात नेला, काही झालं नाही. दार उघडेल असं वाटलं होतं. दुसऱ्यांदा करून पाहिलं, तसंच. टर्न 6 चा सेव्ह सोबत.' शेवटून दुसरं वाक्य काकांसाठी आहे: पुन्हा करून पाहिलं, तसंच झालं.

सेव्ह नेहमी घोटाळ्याच्या आधीच्या टर्नचा द्या. घोटाळा होऊन गेल्यावरच्या सेव्हमधून काय आणि कसं झालं ते त्याला कळत नाही. पडद्यावर एररचा मजकूर आला तर अक्षर न् अक्षर कॉपी करा. 'काहीतरी लाल आलं होतं' हे मीही एकदा सांगितलंय.

एका वेळी सगळी वही तोंडावर फेकू नका. गेम अडकवणाऱ्या गोष्टी आधी, सोपं-अवघड नंतर, स्पेलिंग सगळ्यात शेवटी आणि एकत्र. आणि जे आवडलं ते लिहा, नेमकं कुठलं ते लिहा. त्यात लाडीगोडी नाही. सांगितलं नाही तर दुरुस्ती करताना तो तेच काढून टाकतो. आमच्यात समोरासमोर "काय बे, हे काय करून ठेवलंयस" चालतं, कारण त्यानंतर भजी येतात. लिहिताना ती भजी नसतात, तर भाषा जरा जपून.

नवी प्रत आली की

दुरुस्त केलेली प्रत हातात आली की जुनं फोल्डर काढून नवं टाका, गेम बंद करून पुन्हा सुरू करा आणि बदललेलाच सिनारिओ खेळा. इथं मी एकदा चांगलाच फसलो. पुलाची दुरुस्ती आली, मी टर्न 6 चा तोच सेव्ह लोड केला, घोडेस्वार पुलावर नेला आणि नायक पुन्हा बोलला. त्याला फोन केला, "काही झालं नाही बे." तो रात्रभर फाइल बघत बसला.

फाइल बरोबर होती. मधल्या टर्नचा सेव्ह तो सिनारिओ, त्यातल्या घटनांसकट, जसा होता तसा आपल्या पोटात ठेवतो. नवी प्रत टाकली तरी आतून जुनंच चालतं. सिनारिओच्या अगदी सुरुवातीचा जो सेव्ह गेम आपोआप ठेवतो तो लोड केला की मगच नवी फाइल वाचली जाते. सकाळी तो लोड करून पाहिला. घोडेस्वार पुलावरून गेला, कुणी काही बोललं नाही. मग नायक आला, बोलला, आणि दार उघडलं. आत आठ सांगाडे उभे होते, त्यांच्याबद्दल त्यानं मला काहीच सांगितलं नव्हतं. मी वही उघडून टर्न लिहिली.